उमेदवारांची एकत्र चर्चा : जालना जिल्ह्यातील नागरिकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, जालना

विषय : पक्षनिरपेक्ष उमेदवार चर्चा मंडळास परवानगी व सहकार्य मिळणेबाबत.

महोदय,

जालना लोकसभा मतदारसंघात पैठणही येते आणि जालना शहरही. जायकवाडी धरण पैठणला, आणि त्याच धरणाच्या पाण्यावर जालन्याच्या नळांची भिस्त. पैठणच्या सभेत शेतीच्या पाण्याचा शब्द देता येतो, जालन्याच्या सभेत पिण्याच्या पाण्याचा. दोन्ही शब्दांचा मेळ बसतो का, हे विचारणारा मतदार दोन्हीकडे हजर नसतो. सभेत प्रश्न विचारायची सोयही नसते. टाळ्या वाजवायची तेवढी असते.

म्हणून जिल्ह्यातील काही नागरिक एक मंडळ स्थापन करीत आहेत. निवडणुकीतील उमेदवारांना एका मंचावर बोलवायचे, सर्वांना सारखाच वेळ द्यायचा, बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, आणि मतदारांनी लिहून दिलेले प्रश्न पेटीतून काढून वाचायचे, एवढेच त्याचे काम. घंटा वाजली की माईक बंद, मग समोर आमदार असो की अपक्ष. गळ्यात पक्षाचा रुमाल असलेल्याला सभागृहात प्रवेश नाही.

ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. मुंबईत १९९९ साली उभ्या राहिलेल्या ‘अग्नी’ या नागरिक संघटनेने उमेदवारांना मतदारांसमोर एकत्र आणण्याचे कार्यक्रम केले. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, माजी न्यायमूर्ती अजित शहा आणि माजी संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी होकार कळवला; चर्चा मात्र झाली नाही. ते पत्र ९ मेचे होते आणि जालन्याचे मतदान १३ मे रोजी. वऱ्हाड दारात आल्यावर मांडव घालायला घेतला, तर दुसरे काय होणार?

अमेरिकेतला अनुभव वेगळ्या कारणाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिथे १९७६, १९८० आणि १९८४ च्या अध्यक्षीय चर्चा ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या पक्षनिरपेक्ष संघटनेने घेतल्या. १९८८ मध्ये दोन्ही उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांनी प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार हे आपसांत ठरवून कागद लीगपुढे ठेवला. लीगने सरळ अंग काढून घेतले. जालन्यातही पहिली गाठ इथेच पडेल. सूत्रसंचालक आपल्या पसंतीचा हवा, असा निरोप कार्यकर्त्यांमार्फत येईलच.

त्यामुळे मंडळाने आपल्यालाच काही बंधने घालून घेतली आहेत. गेल्या पाच वर्षांत पक्षाचे पद भूषवलेली व्यक्ती किंवा शासकीय कंत्राटदार मंडळावर असणार नाही. स्टील आणि बियाण्यांच्या या शहरात देणगीदार शोधायला लांब जावे लागत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. म्हणून मोठी देणगी घेतली जाणार नाही आणि हिशेब जाहीर लावला जाईल. प्रश्न फक्त पैशाचा नाही. आंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही दोन्ही गावे याच जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातली. मराठा आरक्षणाच्या दोन बाजूंची उपोषणे २०२३-२४ मध्ये तिथे झाली. अशा जिल्ह्यात मंडळ नुसते पक्षनिरपेक्ष असून भागणार नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना त्यात आपले कोणीतरी दिसले पाहिजे.

आता मागण्या. पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी खर्चाविषयी आहे. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभेवर खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार दंडनीय आहे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची ४० लाखांची मर्यादा आहे. मग समान चर्चेच्या मंचाचे, माईकचे, मंडपाचे बिल कोणाच्या खात्यात पडणार? याचा लेखी खुलासा हाती नसेल तर सावध उमेदवार फिरकणार नाहीत, आणि न येण्याला त्यांना आयतेच कारण मिळेल. निवडणूक आयोगाकडून हा खुलासा आपल्या कार्यालयाने आताच मागवावा.

दुसरी मागणी जागेची. २०२४ च्या विधानसभेला अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. शेवटचे ४८ तास प्रचारबंदीचे. परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर आणि भोकरदन हे पाच मतदारसंघ पुढच्या वेळीही अशाच दोन आठवड्यांत उरकावे लागतील. तेव्हा प्रत्येक ठिकाणी एक शासकीय सभागृह किंवा मोंढ्यातील शेड ठरावीक संध्याकाळी आधीच राखून ठेवावे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ नुसार सभा उधळणे गुन्हा आहे. त्या दिवशी बंदोबस्त देताना पोलिसांना याची आठवण करून द्यावी.

गैरहजर उमेदवाराची खुर्ची नावाची पाटी लावून रिकामी ठेवावी, असा आग्रह मंडळाच्या बैठकीत काहींनी धरला. मोह मोठा होता, पण तो टाळला. त्यात चर्चेपेक्षा टिंगल जास्त होते. मात्र दोनपेक्षा कमी उमेदवार आले तर कार्यक्रम रद्द होईल, नाहीतर तो एकट्याचा प्रचार ठरेल.

शासनाकडे पैशाची किंवा मंचावर अधिकाऱ्याच्या उपस्थितीची मागणी नाही. सूत्रसंचालक शासनाने नेमू नये, ही विनंती मात्र आहे. जालना लोकसभेतील पैठण, फुलंब्री व सिल्लोड हे विभाग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, तर परतूर व घनसावंगीचे मतदार परभणीचा खासदार निवडतात. म्हणून या निवेदनाची प्रत छत्रपती संभाजीनगर व परभणी या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी आणि निवडणूक जाहीर होण्यापूर्वी अर्जदारांना लेखी उत्तर द्यावे.

आपले विश्वासू,
मंडळाच्या वतीने अर्जदार नागरिक, जालना जिल्हा