ओळखीची चोरी : निदानपरिवर्जन हीच चिकित्सा

आपला व्यवसाय विश्वासावर उभा आहे. रुग्ण वैद्याच्या शब्दावर औषध घेतो, औषधालयाचा चालक प्रतिनिधीच्या शब्दावर माल मागवतो आणि हिरडा, बेहडा, आवळ्याचा व्यापारी दूरध्वनीवर भाव ठरवून पोती रवाना करतो. गोंदिया जिल्ह्यासारख्या, एका बाजूस बालाघाट व दुसऱ्या बाजूस छत्तीसगडला लागून असलेल्या मुलखात तर असे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहेत. हा विश्वास दूषण नव्हे, भूषणच होय. परंतु मोबाईलवरून लुबाडणारा ठक नेमका त्याच विश्वासाच्या वाटेने घरात शिरतो, म्हणून या विषयाची चर्चा आपल्या त्रैमासिकात होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अशा फसवणुकी मुंबई-दिल्लीकडे होतात, आमच्या तालुक्यात कोण येणार, अशी एक समजूत आहे. ती किती पोकळ आहे हे २०२३ च्या जुलै महिन्यात दिसून आले. ऑनलाईन जुगाराच्या नादी लावून आपले सुमारे ५८ कोटी रुपये लुबाडले, अशी तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली. त्या तक्रारीवरून नागपूर पोलिसांनी छापा घातला तो थेट गोंदिया शहरातील एका घरावर. तेथे सुमारे १७ कोटींची रोकड आणि कित्येक किलो सोने-चांदी सापडली. आधी थोडे जिंकू द्यावयाचे आणि मग सर्वस्व हिरावून घ्यावयाचे, अशी त्या खेळाची रचना असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आपल्यापुरता बोध एवढाच की, हे जाळे आपल्या गावापासून दूर नाही.

दुसरी समजूत अशी की, फसतो तो अशिक्षित किंवा लोभी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण पाहावे. लसनिर्मितीत जगभर नाव असलेल्या या संस्थेच्या एका संचालकांना सप्टेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर संदेश आला. पाठवणाऱ्याने आपण अदर पूनावाला असल्याचे भासवून काही बँक खात्यांत तातडीने पैसे भरण्यास सांगितले. १ कोटी १ लाखाहून अधिक रक्कम रवाना झाली आणि असा संदेश मालकांनी पाठवलाच नव्हता, हे नंतर उघड झाले. येथे लोभाचा लवलेश नव्हता. वरिष्ठांची आज्ञा तत्परतेने पाळण्याची कर्मचाऱ्याची सवय तेवढी होती. ठकाने पैशाआधी चोरली ती मालकाची ओळख. आपल्या औषधालयातील हिशेबनिसाला उद्या 'मी डॉक्टर बोलतोय, मीटिंगमध्ये आहे' असा संदेश आला, तर तो काय करील, याचा प्रत्येक चालकाने विचार करावा.

चरकाचार्यांनी धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या अयोग्य कर्मास प्रज्ञापराध म्हटले आहे. आजच्या ठकांचे तंत्र या तिन्हींवर घाव घालते. खोटे ओळखपत्र किंवा हुबेहूब बनावट संकेतस्थळ दाखवून ते धीला भुलवतात. 'दहा मिनिटांत खाते बंद होईल' अशी घाई करून धृती ढळवतात. भय दाखवून, आधी कितीदा तरी वाचलेल्या सूचनांची स्मृती पुसून टाकतात. म्हणून आमच्या मते येथे बुद्धिमत्तेपेक्षा धैर्याची, म्हणजे क्षणभर थांबण्याची, गरज अधिक आहे.

आपल्या व्यवसायास लागणारी रूपे ओळखून ठेवावीत. पहिले, लष्करी अधिकारी असल्याचे सांगणारा ग्राहक. जवानांच्या तपासणीसाठी किंवा मोठ्या औषधखरेदीसाठी तो दूरध्वनी करतो, भाव न घासता मान्य करतो आणि पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो. तो कोड स्कॅन करून पिन टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही, हे वाक्य प्रत्येक गल्ल्यावर लिहून लावण्याजोगे आहे. दुसरे, 'आज रात्री वीज तोडली जाईल' हा संदेश. महावितरणने याबाबत वारंवार सावध केले आहे. तिसरे, लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून येणारी एपीके फाईल. ती उघडून ॲप बसवू दिले की मोबाईलवरील संदेश, ओटीपीसह, परक्याच्या हाती जातात. चौथे, नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने येणारे 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र.

पाचवे रूप सर्वांत क्रूर आहे. तुमच्या आधार क्रमांकावरून घेतलेले सिमकार्ड गुन्ह्यात सापडले असे सांगून बनावट पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर माणसास तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, डांबून ठेवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासमोर तर सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचा खोटा देखावा उभा करून ७ कोटी रुपये उकळण्यात आले. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये देशाला सांगितले. सनद रद्द होण्याच्या भीतीने व्यावसायिक माणूस अशा जाळ्यात लवकर सापडतो, हे विसरू नये.

पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात. ओळख गेली तर तिचा गैरवापर वर्षानुवर्षे चालू राहतो. आपली कागदपत्रे आपण किती सहज वाटतो! नोंदणी प्रमाणपत्र, औषधविक्रीचा परवाना, पॅन, आधार यांच्या झेरॉक्स प्रती कोणी मागितल्या की देतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवून विसरतो. त्यांच्या आधारे परक्याने सिमकार्ड घेणे, कर्ज काढणे, आपल्या नावाने बनावट दवाखान्याची किंवा औषधाची जाहिरात करणे शक्य होते. हरिद्वारच्या पतंजली योगपीठाच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून उपचारासाठी येऊ इच्छिणाऱ्या रुग्णांकडून आगाऊ रकमा उकळल्या गेल्याच आहेत. तेथे नाडला गेला तो रुग्ण आणि डाग लागला तो आयुर्वेदाला. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र गुन्हेगार सापडेपर्यंत निस्तरावे लागते ते आपल्यालाच.

म्हणून निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचे कारणच टाळणे, ही पहिली चिकित्सा. आधारची प्रत द्यावी लागल्यास केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत द्यावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. बोटांचे ठसे वापरून आधारद्वारे पैसे काढता येतात, म्हणून बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद ठेवावी व गरजेपुरती उघडावी. प्रत्येक प्रतीवर दिनांक व प्रयोजन लिहून सही करावी. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहावे आणि अनोळखी क्रमांकाची तेथेच तक्रार करावी. औषधालयाच्या रोजच्या व्यवहारासाठी वेगळे खाते ठेवून त्यात मोजकीच रक्कम असू द्यावी. खाते बदलल्याचे पत्र आले तर जुन्याच क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. ठरावीक मर्यादेवरील रक्कम मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याखेरीज पाठवू नये, असा नियम नोकरांना घालून द्यावा. आणि तो पाळणाऱ्या नोकरावर उशिराबद्दल रागावू नये.

इतके करूनही घात झालाच, तर वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, बँकेस कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती वाचते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थामुळे घडलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडू नये, असे सांगितले. पण ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याच्याच माथी येतो, हेही त्याच परिपत्रकात आहे. म्हणून कळवण्यातील प्रत्येक तासाला किंमत आहे.

आणि येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. फसलेला वैद्य बोलत नाही. गावात ज्याच्याकडे लोक सल्ला मागायला येतात, त्याला 'मी फसलो' हे सांगणे जड जाते. रुग्ण काय म्हणतील, सहव्यवसायी हसतील, या संकोचात तक्रारीचे मोलाचे तास जातात. शिवाय तोच ठक, तीच युक्ती घेऊन, शेजारच्या तालुक्यातील दुसऱ्या वैद्याकडे पोहोचतो. रोग लपवणाऱ्या रुग्णास आपण काय सांगतो? तेच आपण स्वतःस सांगितले पाहिजे. फसलेल्या बंधूस 'असा कसा फसलात' असे विचारणे थांबवावे. आधी १९३० क्रमांक लावून द्यावा, उपदेश मागाहून.

ही केवळ आपल्या खिशाची बाब नाही. आपल्या नोंदवहीत व मोबाईलमध्ये रुग्णांची नावे, क्रमांक आणि व्याधी आहेत. आपला मोबाईल परक्याच्या हाती गेला तर ज्या गोष्टी रुग्णाने घरच्यांनाही सांगितल्या नसतील, त्या बाहेर जातील. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला. परंतु रुग्णाचे गुह्य राखणे हा वैद्याचा धर्म त्याहून कितीतरी पुरातन आहे.

संघटनेकडे आमची सूचना साधी आहे. प्रत्येक त्रैमासिक सभेत अर्धा तास या विषयासाठी राखावा, सायबर पोलिसांस निमंत्रण द्यावे आणि सभासदांकडे आलेले फसवे संदेश नावानिशी न छापता या पानांवर प्रसिद्ध करावेत. गोंदियातील एकाचा अनुभव देवरी-सालेकसातील दहांना वाचवू शकेल. विश्वास हे आपल्या व्यवसायाचे भांडवल आहे. ते शाबूत राखायचे असेल, तर विश्वास ठेवण्यापूर्वी परीक्षा करण्याची वैद्याची जुनी सवय मोबाईल हाती घेतल्यावरही सुटता कामा नये.