अशोकाची साल आणि कपटाचा पुरावा

अशोकाची म्हणून घेतलेली साल आसुपालवाची निघावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांस आला असेल. मलाही आला. व्यापाऱ्याने पोते परत घेण्यास नकार देताच फसवणुकीचा दिवाणी दावा लावण्याचे मी त्वेषाने ठरविले. परिचित वकिलांनी एवढेच विचारले, "साल खोटी आहे हे त्याला ठाऊक होते, हे कशावरून?" मी निरुत्तर झालो.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार, जे खरे नाही ते, स्वतःचा त्यावर विश्वास नसताना, समोरच्यास करारास प्रवृत्त करण्याच्या हेतूने खरे म्हणून सांगणे हे कपट होय. तेव्हा साल खोटी ठरल्याने काम भागत नाही. विक्रेत्याची जाणीव, त्याच्या शब्दावर आपण विसंबलो ही गोष्ट आणि त्यातून झालेली हानी, हे सारे वादीनेच सिद्ध करावयाचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कपटाचा तपशील वादपत्रातच, आवश्यक तेथे तारखांसह, द्यावा लागतो. मोघम आरोप चालत नाही.

दुसऱ्याच्या मनातील जाणीव प्रत्यक्ष दिसत नाही, ती अनुमानानेच सिद्ध होते. अनुमानप्रमाण आपणां वैद्यांस परके नाही. परंतु धूर दिसल्यावाचून अग्नीचे अनुमान कसे करणार? व्यापाऱ्याने तोच माल आसुपालव म्हणून खरेदी केल्याचे बिल, किंवा त्याच मालाविषयी दुसऱ्या ग्राहकाने त्यास आधीच दिलेली लेखी तक्रार, असे काही हाती हवे.

"आपण स्वतः वैद्य, मग साल ओळखली कशी नाही?" हा प्रश्न तर उलटतपासणीत येणारच. साध्या दक्षतेने सत्य कळण्याजोगे असेल, तर निव्वळ मिथ्याकथनाच्या किंवा कपटी मौनाच्या आधारे करार रद्द करता येत नाही, असा कलम १९ चा अपवाद आहे. जाणूनबुजून उघड खोटे बोलणाऱ्यास त्याचा आश्रय नाही. पण ते 'जाणूनबुजून' पुन्हा आपणच सिद्ध करावयाचे!

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कागद हाती नसता कपटाचा आरोप करू नये. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. तेथे विक्रेत्याच्या मनाचा शोध घ्यावा लागत नाही. उभयतांच्या सहीचा मोहोरबंद नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि वनस्पतीचे नाव लिहिलेले बिल एवढ्यावर भरपाईची मागणी उभी राहू शकते.

माझ्या बिलावर मात्र 'साल, १ पोते' एवढेच लिहिलेले होते.