जीव वाचला, पुढे कामाचे काय?

कुंडलिकेच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर अष्टमी. दोहोंची नगरपरिषद मात्र एकच. येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांवर चालतो. पाळीची वेळ गाठण्यासाठी कामगार दुचाकीने धावतो. जवळच मुंबई-गोवा महामार्ग आहे. २०११ साली सुरू झालेले त्याचे रुंदीकरण दशकाहून अधिक काळ रखडले. अशा परिसरात कमावत्या माणसाच्या डोक्याला मार बसला, की साऱ्या घराची घडी विस्कटते.

अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनाशुल्क उपचार देणारी योजना केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मेंदूची इजा सात दिवसांत भरून येत नाही. टाके निघतात, माणूस चालू-बोलू लागतो आणि "बरा झाला" असे सारे म्हणतात. खरी कसोटी कामावर लागते. सांगितलेले लक्षात राहत नाही, दोन कामे एकाच वेळी जमत नाहीत, यंत्रांचा आवाज सहन होत नाही, दोन तासांत थकवा येतो, क्षुल्लक कारणावरून राग अनावर होतो. अपंगत्व डोळ्यांना दिसत नसल्यामुळे सहकारी त्याला आळशी ठरवतात. दुसऱ्या बाजूने मालकाची भीतीही निराधार नाही. रासायनिक कारखान्यात एक झडप बंद करायची राहिली, तर इतरांच्याही जिवावर बेतू शकते.

कायदा येथे कितपत साथ देतो? सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. खासगी कारखान्यातील कामगाराला ही हमी नाही. भरपाईच्या बाबतीत मात्र पाऊल पुढे पडले आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ साली कामावर जाताना अपघातात मरण पावला. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्णय दिला, की घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघाताचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास तो कामावरील अपघात समजावा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी तरतूद आहे. म्हणजे पैसे मिळू शकतात. काम परत मिळेल याची शाश्वती नाही.

ही उणीव समंजसपणाने बरीच भरून काढता येते. प्रथम दिवसपाळीत दोन-तीन तास काम द्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू वाढवावे. एका वेळी एकच काम सांगावे, तेही लिहून. मधूनमधून विश्रांती असावी. फिट येण्याचा धोका असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत उंचावरचे काम, फिरती यंत्रे व वाहन चालवणे टाळावे. या काळातील वेतन किती, हे आधीच लेखी ठरवावे. यात कारखान्याला फारसा खर्च नाही. उलट अनुभवी हात टिकून राहतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमाविषयीच्या १९८१ च्या आपल्या परिपत्रात अपंगांच्या कामाला स्वतंत्र परिच्छेद दिला आहे. अपंग व्यक्ती सर्व हक्कांसह पूर्ण मानव आहे आणि तिच्या कुवतीनुसार तिला काम मिळाले पाहिजे, ही त्यातील शिकवण. ती आपल्या दारी आणायची असेल, तर धर्मग्रामातील डॉक्टर, वकील व निवृत्त कारखाना अधिकारी यांनी अशा कुटुंबासोबत मालकाकडे जावे. रुग्णालयाची कागदपत्रे, पोलिसांचा अहवाल व हजेरीची नोंद जपून ठेवण्यास आणि भरपाईचा अर्ज वेळेत करण्यास मदत करावी. कंत्राटी कामगाराच्या घरी तर आधी जावे, कारण त्याची जागा दुसऱ्याच दिवशी भरली जाते. आपल्यापैकी ज्यांचे दुकान, कार्यशाळा किंवा कचेरी आहे, त्यांनी अशा एका माणसाला दिवसाचे दोन तास देऊन सुरुवात करावी.