हुरड्यापूर्वीचें शेत

मुलाबाळांसह एक दिवस शेतावर काढावा, अशी हौस अलीकडे शहरांतील सुखवस्तु लोकांत वाढीस लागली आहे. हौस वाईट नव्हे. परंतु तिला जें रूप आलें आहे, त्याचा निषेध केल्यावांचून राहवत नाहीं. २०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं.

पौषाच्या सुमारास ज्वारी हुरड्यास आली, कीं मोटारी शिवारांत शिरतात. आगटी पेटते, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हुरडा फस्त होतो, मुलें बैलगाडींतून एक फेरी मारतात, छायाचित्रें निघतात, आणि दिवेलागणीपूर्वीं मंडळी परततात. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं ह्या व्यवसायासाठीं कृषिपर्यटनाचें धोरणही जाहीर केलें. पण ह्या सगळ्या खटाटोपांत शेत दिसलें, तरी शेती दिसत नाहीं.

शेती पाहावयाची, तर ती शरदांत पाहावी. त्या वेळीं पाऊस ओसरलेला असतो, बाजरीची काढणी चाललेली असते, आणि काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीच्या भरंवशावर रब्बी ज्वारी पेरली जाते. ओल पुरेशी नसतां पाभर चालवावी कीं नाहीं, ह्याचा निर्णय शेतकऱ्यास थोड्या दिवसांत घ्यावा लागतो. चुकला, तर बियाणें व मजुरी दोन्ही मातींत जातात. पाहुणे पौषांत ज्या ज्वारीचा हुरडा खातात, तिचें भवितव्य आश्विनांतच बरेंचसें ठरलेलें असतें.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार पाहा. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले, आणि पुढें त्या गांवानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा पायंडा पाडला. पावसाळा सरतांच ग्रामसभेपुढें हिशेब येतो. माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं राखून उरलेल्या पाण्यावर रब्बीचीं पिकें ठरतात. शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास आणि ऊंस व केळीं लावण्यास गांवानें स्वतःलाच मनाई केली आहे. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनीं, शाळेंत न जातां, देशी वाणांचीं बियाणीं जपलीं. त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. मुलांस दाखवावयाचें तें हें. बैलगाडीची फेरी त्यापुढें काय शिकविणार?

कोणी म्हणेल, शेतकऱ्यास चार पैसे मिळतात, मग तुमचें पोट कां दुखतें? पैसे अवश्य मिळोत, अधिक मिळोत. परंतु पाहुण्यास केवळ करमणूक हवी असली, तर यजमान करमणूकच विकील, आणि आपल्या विवंचना माजघरांत झांकून ठेवील. ह्याचें फळ आपण पाहिलें आहे. २०२३ च्या डिसेंबरांत देशांतील भाव आटोक्यांत ठेवण्यासाठीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. हुरड्याचा हंगाम तेव्हां तोंडावर होता, आणि ज्यांच्या शेतावर पाहुणे जेवणार, त्यांच्याच घरांत कांदा होता. त्या पाहुण्यांपैकीं कितीजणांनीं यजमानाची बाजू घेतली? उलट, बाजारांत कांदा चार रुपयांनीं चढला, कीं पहिली ओरड ह्याच घरांतून उठते.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं आश्विनांत जावें, यजमानास त्याच्या वेळाचें मोल द्यावें, आणि जमिनींत ओल किती, बियाणें कोठलें, गेल्या वर्षीं भाव काय मिळाला, हें मुलांदेखत विचारावें. मग पौषांत हुरडा खुशाल खावा. ज्यास त्या दाण्याचा हिशेब ठाऊक आहे, त्यानें तो खाण्यास कोणाचीच हरकत नाहीं.