अर्ज फिरतोय, टेबलं मोजतंय कोण?

"साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" हे आपल्याला पाठ आहे. त्याहून वाईट उत्तर म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा." तिकडे गेलं की ऐकायचं, "अहो, हे त्यांचंच काम." गंमत म्हणजे हाच आजार इंटरनेटलाही होतो. त्याला राउटिंग लूप म्हणतात. पण तिथे तो होणारच असं धरून इलाज आधीच करून ठेवलाय.

समजा पेण, नागोठणे आणि रोह्यात एकेक राउटर आहे. राउटर म्हणजे नाक्यावर उभा राहून वाट सांगणारा. साध्या पद्धतीत त्याला सगळा रस्ता माहीत नसतो, शेजारी सांगेल त्यावर त्याचं चालतं. नागोठण्याने पेणला सांगितलं, "रोहा माझ्यापासून एक टप्पा." पेणने वहीत लिहिलं, दोन टप्पे. आता भिसे खिंडीत जेसीबीने केबल तोडली. नागोठण्याची वाट बंद. तेवढ्यात पेण म्हणतं, "माझ्याकडे आहे की रस्ता, दोन टप्प्यांचा!" तो नागोठण्यावरूनच जातो, हे काही सांगत नाही. नागोठणे लिहितं तीन, मग पेण चार, मग पाच, सहा... आणि रोह्याचं पॅकेट पेण-नागोठणे, नागोठणे-पेण वाऱ्या करत बसतं. खोटं कुणीच बोलत नाही, हे लक्षात घ्या.

यावर उपाय साधे आहेत. ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती परत सांगायची नाही. 'रिप' नावाच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये 16 टप्पे झाले की रस्ताच नाही असं समजायचं. मोठमोठी जाळी एकमेकांना जोडणाऱ्या 'बीजीपी'मध्ये वाटेतल्या प्रत्येक जाळ्याचा नंबर यादीत असतो. यादीत आपलाच नंबर दिसला की ती वाट नाकारायची. आणि एवढं करूनही लूप झालाच तर? प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, बहुधा 64, फार तर 255. दर राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. 1981 च्या नियमांपासून हे चालत आलंय.

आता आपला सातबारा दुरुस्तीचा अर्ज घ्या. कायदा नाही असं नाही. 2005 च्या राज्याच्या कायद्यानुसार एका टेबलावर फाइल साधारण सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये; दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर 45 दिवसांत, जायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय. माहिती अधिकारात तर चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, माणसाला पिटाळायचं नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते इथे: आपण दिवस मोजतो, टेबलं मोजत नाही. "संबंधित कार्यालयाकडे वर्ग" असा शेरा पडला की बऱ्याचदा या रजिस्टरला अर्ज निकाली, आणि तिकडे दिवस पुन्हा एकपासून सुरू. प्रत्येकाचं रजिस्टर स्वच्छ, माणूस मात्र एसटीत. पेण अर्बनचे ठेवीदार आठवा. 2010 ला घोटाळा बाहेर आला, त्यानंतर रिझर्व्ह बँक, सहकार खातं, पोलीस, ईडी, कोर्ट... किती दारं झाली त्यांची!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक अर्जाच्या पाठीवर एक चौकट छापा. कुठून आला, कुठे गेला, कितव्यांदा वर्ग झाला. ज्या कार्यालयाचं नाव त्या चौकटीत आधीच आहे, तिथे तो परत पाठवायचा नाही. तिसऱ्यांदा वर्ग करायची वेळ आली तर तो थेट अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर. इथे इंटरनेटची नक्कल करून अर्ज टाकून देऊ नका म्हणजे झालं! (काही ठिकाणी तेवढं बरोबर जमतं.) हरवलेलं पॅकेट कॉम्प्युटर क्षणात पुन्हा पाठवतो, रोह्याच्या आतल्या गावातल्या म्हाताऱ्याला मात्र अलिबागची खेप म्हणजे अख्खा दिवस आणि बुडालेली मजुरी.

तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो. चौकट छापून मिळेपर्यंत ती आपणच पेनने आखू. जाताना अर्जाच्या मागे आजवरची सगळी टेबलं तारखेसह लिहून न्या आणि पोच घेताना त्या पानावरही शिक्का मागा.