फलत्याग आधी कोणाचा?

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे अधिकारी प्रशिक्षणासाठी कर्जत परिसरातील निवांत विश्रामस्थळी येतात. अशा वर्गांतून आता भगवद्गीतेचेही दाखले दिले जातात. केवळ पाश्चात्त्य ग्रंथांवर विसंबणाऱ्या व्यवस्थापनशास्त्राला आपल्या अध्यात्मपरंपरेकडे वळावेसे वाटले, ही समाधानाची बाब आहे. मात्र, गीतेतून नेमके काय उचलले जाते, याचाही विचार व्हावयास हवा.

अनेकदा उचलला जातो तो निष्काम कर्माचा उपदेश, आणि ऐकविला जातो हाताखालच्यांना! ‘वेतनाचे बोलू नका, काम करा’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावणे, हा गीतेचा विपर्यास होय. भगवंतांनी हा उपदेश रोजंदारीवरील मजुराला नव्हे, तर सेनेच्या अग्रभागी उभ्या असलेल्या अर्जुनाला केला. तिसऱ्या अध्यायात श्रेष्ठांच्या आचरणाचेच लोक अनुकरण करतात, असे सांगून लोकसंग्रहाचे दायित्व त्यांच्यावर सोपविले आहे. तर मिळालेले परत न देता एकट्यानेच भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. अर्थात, फलत्यागाचा आरंभ वरच्या खुर्चीपासून व्हावयास हवा.

याच रायगड जिल्ह्यातील शिवथरघळीत, परंपरेनुसार, दासबोध सिद्ध झाला. त्याच्या अकराव्या दशकात समर्थांनी महंताची लक्षणे सांगितली आहेत. स्वतः झिजणारा, माणसे पारखणारा आणि आपल्यासारखे महंत घडविणारा तो महंत. १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्ष नाकारला. पण श्रमिकाचा न्याय्य वाटा नाकारला नाही. कुटुंबात कर्त्या पुरुषाने शेवटी जेवावे. ‘उद्योग-परिवार’ म्हणावयाचे तर हाच न्याय तेथेही लागू होतो.

या विचाराची परीक्षा कर्जतच्या वर्गात नव्हे, तर शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत होईल. कामगार टाकीत उतरण्यापूर्वी आतील वायूची तपासणी झाली का, हे अधिकारी स्वतः पाहतो काय? त्यासाठी उत्पादन थांबविण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय? कायम आणि कंत्राटी कामगार एकाच पंगतीला बसतात काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तरच तेथे गीता पोहोचली असे म्हणता येईल.

खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून वीज निर्माण करीत आले आहे. घाटमाथ्यावर साठलेले पाणी खाली उतरते, तेव्हाच तेथे वीज निर्माण होते. अधिकाराचेही तसेच आहे.