इशारा : १ मेपर्यंत ओढे मोकळे करा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट पाडणारे, ते विकणारे आणि त्यांच्यासाठी सातबारे गोळा करत वाड्यावाड्यांतून हिंडणारे दलाल, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. जेसीबी भाड्याने लावणारे आमच्याच गावचे पोरगे आहेत. त्यांनीही तो वाचावा.

पनवेल-कर्जत रेल्वे आणि अटल सेतूचे नाव घेऊन तुम्ही गुंठ्याचा भाव रोज नवा सांगता. गिऱ्हाइकाला एप्रिलात वाहती पेज नदी दाखवता. ते पाणी भिवपुरीच्या वीजघरातून सुटते, वरच्या वाड्यांना त्याचा थेंब मिळत नाही. त्यांचे सगळे ओढ्यावर आणि ओढ्याकाठच्या विहिरीवर चालते. तोच ओढा तुम्ही मुरूम टाकून बुजवलात. वाडीची पायवाट फाटकाआड घेतलीत. हे तुमच्या खरेदीखतात नव्हते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबला. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढली नाहीत, माणसांनी फावड्या-घमेल्यांनी माती उपसली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. तिथे बंगल्यांसाठी कुणी पायथाही कापला नव्हता, तरी दरड आली; तुम्ही तर पायथाच कापता आहात. उताराला खालच्या मातीचा टेकू असतो. तो काढायचा, वरून येणाऱ्या पाण्याची वाटही बंद करायची, मग ते पाणी मातीत मुरणार, माती जड होऊन खडकावरून सुटणार. खाली आमची घरे आहेत. तुमच्या गिऱ्हाइकांचीही असतील.

म्हणून मुदत १ मेची, ग्रामसभेच्या दिवसाची. तोवर बुजवलेला प्रत्येक ओढा मूळ रुंदीने मोकळा करा, वहिवाटीच्या वाटांवरची फाटके काढा आणि उताराचे खोदकाम बंद करा. मृगाला महिनाच उरतो. एक दिवसही वाढवून मिळणार नाही.

ऐकले नाहीत, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावे पडतील. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो, आणि तारखा आम्ही लिहून ठेवल्या आहेत. विनापरवाना मुरमासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपट दंडाची मागणी करू. आदिवासींच्या जमिनी कुलमुखत्यारपत्रावर ताब्यात ठेवणाऱ्यांनी कलम ३६-अ वाचावे. शासनाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी नसेल, तर ती जमीन मूळ मालकाला परत मिळावी म्हणून अर्ज जातील. आणि त्यानंतर जो जेसीबी डोंगराला लागेल, त्याच्यासमोर बायामाणसांसह वाडी बसलेली असेल.

१ मेची सुट्टी संपून तहसील कचेरी उघडेल, तेव्हा आम्ही दारात उभे असू. हातात प्रत्येक बुजवलेल्या ओढ्याचा फोटो आणि गट नंबर असेल.

— ओढ्याकाठच्या वाड्यांचे ग्रामस्थ